अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला तर प्रायव्हसी खरंच वाढते का, आणि बदलताना काय सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की सहा वर्षं अँड्रॉइड वापरलं, आता 'गूगल सगळं बघतं' म्हणून आयफोन घ्यायचाय, तर प्रायव्हसी मिळेल का, आणि व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, फोटो यांचं काय होईल. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर नेमकं देता येतं. पहिल्या अर्ध्याबद्दल माझं मत ठाम आहे: गूगलकडे जे जमा झालंय ते तुमच्या खात्यात आहे, हँडसेटमध्ये नाही. खातं तेच ठेवून फोन बदललात तर गूगलच्या दृष्टीने तुम्ही कुठेही गेलेला नाहीत.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. माझ्या मेव्हण्याचं म्हणणं एकच, 'आयफोन घेतला, विषय संपला.' त्याच्या आयफोनवर आज जीमेल आहे, गूगल मॅप्स आहे, क्रोम आहे, गूगल फोटोजचा बॅकअप चालू आहे आणि टायपिंगला गूगलचाच कीबोर्ड, जीबोर्ड आहे, तोही 'अलाउ फुल अ‍ॅक्सेस' दिलेला. म्हणजे पत्रव्यवहार, ठिकाणं, शोध आणि फोटो सगळं पूर्वी जिथे जात होतं तिथेच जातंय. क्रोम काढून अ‍ॅपलचा ब्राउझर सफारी वापरला तरी सफारीतलं ठरलेलं सर्च इंजिन गूगलच असतं. त्यासाठी गूगलने 2022 साली अ‍ॅपलला 20 अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सखाली सफारी, तिथे सर्च इंजिन; डकडकगो हे दुसरं सर्च इंजिन निवडायला अर्धं मिनिट लागतं. ते कुणी करत नाही.

तेव्हा फोन विकत घेण्याआधी एक संध्याकाळ गूगल खात्याला द्या. 'डेटा अँड प्रायव्हसी'मध्ये जाऊन 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' बंद करा किंवा निदान तीन महिन्यांच्या ऑटो-डिलीटवर ठेवा. लोक नुसती 'लोकेशन हिस्टरी' (आता तिचं नाव 'टाइमलाइन') बंद करून निर्धास्त होतात. ती बंद असतानाही या दुसऱ्या सेटिंगमधून ठिकाणं साठत होती, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2018 मध्ये दाखवून दिलं आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या 40 राज्यांशी तडजोड करताना गूगलला 39.15 कोटी डॉलर मोजावे लागले. मग यूट्यूब हिस्टरीला तेच करा. 'पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स' बंद करा. 'थर्ड-पार्टी अ‍ॅप्स'ची यादी उघडा आणि गेल्या सहा वर्षांत 'साइन इन विथ गूगल' करून जिथे जिथे शिरलात त्यातल्या नको त्या जोडण्या तोडा. हे सगळं अँड्रॉइडवर राहूनही होतं, आणि माझ्या मते तुमच्या काळजीचा मोठा भाग इथेच मिटतो.

आता आयफोन खरोखर काय देतो, कारण तो काहीच देत नाही असं म्हणणंही चूकच. आपल्याकडे सर्वांत मोलाची गोष्ट ही की आयफोनवर कुठल्याही बाहेरच्या अ‍ॅपला तुमच्या एसएमएसच्या इनबॉक्सला किंवा कॉल लॉगला हातच लावता येत नाही. परमिशन देण्या-नाकारण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती परमिशन अस्तित्वातच नाही. ओटीपी कीबोर्डवर सुचवला जातो तो सिस्टिम सुचवते, अ‍ॅप वाचत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी कॉन्टॅक्ट, गॅलरी, मेसेज उचलून नातेवाइकांना धमक्या दिल्या, तो धंदा मुख्यतः अँड्रॉइडच्या परमिशनवर उभा होता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 च्या नियमांत कर्ज-अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल्सना हात लावायला मनाई केली, गूगलने 31 मे 2023 पासून प्ले स्टोअरवर तेच धोरण लावलं. पण लिंकवरून उतरवलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेली अ‍ॅपची फाइल, कुठलंच धोरण वाचत नाही. घरात कुणी लिंकवरून अ‍ॅप टाकणारं असेल, तर त्या माणसासाठी आयफोन घेणं मला पटतं. त्यात आयओएस (आयफोनची सिस्टिम) 18 पासून अ‍ॅपला सगळे कॉन्टॅक्ट न देता निवडक देता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे एप्रिल 2021 मध्ये आयओएस 14.5 बरोबर आलेला 'आस्क अ‍ॅप नॉट टु ट्रॅक'. त्याने अ‍ॅपला तुमच्या फोनचा जाहिरातींसाठीचा ओळख-क्रमांक (आयडी) मिळणं थांबतं. मात्र फेसबुकवर लॉगिन करून तुम्ही जे करता ते फेसबुकला दिसायचं ते दिसतंच.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डग्लस लीथ यांनी 2021 मध्ये दोन्ही प्रकारचे फोन मोजून पाहिले. नुसते पडून असतानाही दोघेही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी बोलतात. गूगलकडे जाणारा डेटा आकाराने सुमारे 20 पट जास्त निघाला. गूगलने मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, पण अ‍ॅपलचा फोन गप्प बसतो असं कुणीच म्हटलं नाही. मेव्हण्याला हे दाखवलं तर तो '20 पट' एवढंच वाचतो.

बॅकअपच्या बाबतीत तर त्याचं म्हणणं अजिबात टिकत नाही. अँड्रॉइडचा गूगल बॅकअप घेतला की त्यातला काही भाग तुमच्या स्क्रीन लॉकने कुलूपबंद होतो. आयफोनचा आयक्लाउड बॅकअप, फोटो आणि नोट्स मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा ठेवलेल्या असतात की किल्ली अ‍ॅपलकडेही असते, म्हणजे कायदेशीर आदेश आला तर अ‍ॅपल ते उघडून देऊ शकतं. हे बदलायचं असेल तर सेटिंग्ज, वर तुमचं नाव, आयक्लाउड, 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन'. ही सोय अमेरिकेबाहेर 2023 च्या सुरुवातीला आयओएस 16.3 बरोबर आली. चालू करताना 'रिकव्हरी की', म्हणजे खातं परत उघडायची किल्ली, कागदावर उतरवून ठेवा किंवा घरातलं कुणी रिकव्हरी कॉन्टॅक्ट म्हणून नेमा, कारण त्यानंतर पासवर्ड विसरलात तर अ‍ॅपलही काही करू शकत नाही. मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर हे चालू करूनही त्या कुलपात येत नाहीत. एवढं मात्र खरं की गूगल फोटोजला असं कुलूपच नाही. मेव्हण्याने आयफोन घेतला पण हे बटण कधी उघडून पाहिलं नाही, आणि माझा राग त्यावर आहे. प्रायव्हसीसाठी एवढे पैसे घातल्यावर हे बटण दाबायला काय हरकत आहे?

व्हॉट्सअ‍ॅपचा गोंधळ बहुतेक वेळा दुकानातच होतो. मेव्हण्याच्या फोनचं असंच झालं. विक्रेत्याने मदत म्हणून काउंटरवरच फोन सुरू केला, 'सेट अप लेटर' दाबत होम स्क्रीनपर्यंत नेला, व्हॉट्सअ‍ॅप टाकून ओटीपीही घालून दिला. चॅट कोरी. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपला वाचता येत नाही, हे त्या विक्रेत्याला ठाऊक नव्हतं. जुन्या चॅट 'मूव्ह टु आयओएस' या अ‍ॅपमधून जातात आणि ते अ‍ॅप नवा आयफोन पहिल्यांदा सुरू होतानाच चालतं. म्हणून त्याचा नवा फोन पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली. नशीब की जुना फोन तेव्हा एक्स्चेंजमध्ये गेला नव्हता. दुकानदाराला स्पष्ट सांगा: खोका उघडून फोन चालू होतो एवढं दाखवा, सेटअप मी घरी करीन.

घरी करताना दोन्ही फोन चार्जरला लावा. अँड्रॉइड 5 आणि आयओएस 15.5 किंवा पुढचं हवं, व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर दोन्हीकडे तोच हवा. आयफोनच्या सेटअपमध्ये 'फ्रॉम अँड्रॉइड' निवडा, पडद्यावर सहा किंवा दहा अंकी कोड येईल, तो जुन्या फोनवरच्या 'मूव्ह टु आयओएस'मध्ये टाका. आयफोन स्वतःचं तात्पुरतं वाय-फाय उभारतो आणि जुना फोन त्याला जोडला जातो. इथेच गाडी अडते. त्या वाय-फायला इंटरनेट नसतं, म्हणून अनेक अँड्रॉइड फोन 'हे नेटवर्क चांगलं नाही' असं ठरवून परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतात आणि हस्तांतरण तुटतं. आधी मोबाइल डेटा बंद करा, वाय-फाय सेटिंगमधलं आपोआप नेटवर्क बदलणारं बटण बंद करा, बॅटरी सेव्हर बंद करा. 'मूव्ह टु आयओएस' शेवटपर्यंत पडद्यावरच राहू द्या; दुसरं अ‍ॅप उघडलं किंवा स्क्रीन झोपली तर पहिल्यापासून. यादीत व्हॉट्सअ‍ॅपवर टिक केली की जुन्या फोनवर 'स्टार्ट' विचारतं, चॅट बांधून घेतं आणि तिथून लॉगआउट करतं. मग आयफोनवर अ‍ॅप स्टोअरवरून व्हॉट्सअ‍ॅप घ्या, तोच नंबर टाका, 'स्टार्ट' दाबा. कॉल हिस्टरी येत नाही. फोटो-व्हिडिओ भरपूर असतील तर खूप वेळ लागतो, घाईच्या दिवशी करू नका. झाल्यावर चॅट बॅकअपमध्ये 'एंड-टु-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' (ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे असते) चालू करा. ही सोय 2021 पासून आहे, पासवर्ड ठेवा किंवा 64 अंक-अक्षरांची किल्ली. ते न करता आयक्लाउडवर टाकलेला बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपच्या कुलपाबाहेर असतो.

फोटो जुन्या गूगल फोटोजमध्ये असतील तर गूगल टेकआउट या गूगलच्याच डेटा बाहेर काढायच्या सोयीवरून थेट आयक्लाउड फोटोजकडे प्रत पाठवता येते, 2024 पासून. काही दिवसही लागू शकतात. आयक्लाउडची फुकटची जागा 5 जीबी, गूगलची 15, तेव्हा आयक्लाउडची जागा आधी विकत घ्यावी लागेल. शिवाय ही प्रत आहे. गूगलकडचं मूळ तुम्हीच पुसायचं. जे पुसणार नाहीत त्यांचे फोटो आता दोन कंपन्यांकडे आहेत, एवढाच बदल.

यूपीआयमध्ये लोक हमखास अडकतात ते वेळेच्या हिशेबात. नव्या फोनवर यूपीआय अ‍ॅप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. आयफोनवर अ‍ॅपला तो गुपचूप पाठवता येत नाही, मेसेजची खिडकी उघडते, मजकूर न बदलता तुम्ही 'सेंड' दाबायचं. दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच. आणि सिम बदललं किंवा साध्या सिमचं ई-सिम केलं की सुरक्षेसाठी 24 तास एसएमएसची ये-जा बंद राहते. म्हणून फोन आणि ई-सिम एकाच दिवशी बदलू नका. आधी सध्याचं सिम घालून यूपीआय सुरू करा, ई-सिमचं नंतर बघा; तेव्हा यूपीआय पुन्हा पडताळायला सांगेल हे धरून चाला. फोन बदलल्यावर बऱ्याच बँका व्यवहाराची मर्यादा काही काळ 5,000 रुपयांवर ठेवतात: अँड्रॉइडवर 24 तास, आयफोनवर 72 तास. भाडं, फी, हॉस्पिटलचं बिल असं काही तोंडावर असेल तर ते आधी भरा.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये देताना दुकानदार स्क्रीन लॉकचा पिन मागतो, 'आम्ही रिसेट करून घेऊ' म्हणतो. देऊ नका. स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खातं काढा, मेमरी कार्ड बाहेर काढा (रिसेटने ते आपोआप साफ होत नाही), मग फॅक्टरी रिसेट करा. गेल्या काही वर्षांतल्या फोनची साठवण एन्क्रिप्टेड असते, रिसेटने किल्ली जाते, त्यावर दहा वेळा फायली भरून पुसायची गरज नाही. खातं न काढता, बटणं दाबून रिकव्हरी मेनूतून रिसेट केला तर फोन पुन्हा सुरू होताना तुमच्या जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, मग दुकानदार तुम्हाला फोन करून तोच विचारतो. व्हॉट्सअ‍ॅप हलवलं तरी चॅट जुन्या फोनवर तशाच राहतात हे लक्षात असू द्या. शेवटी गूगल खात्याच्या 'युअर डिव्हाइसेस'मधून तो फोन साइन आउट करा.

काही गोष्टी राहिल्या. पत्रकार, वकील, कार्यकर्ते अशांपैकी कुणी असाल तर वरचं गणित बदलतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारपुरस्कृत हल्ल्याचा इशारा देणारे अ‍ॅपलचे मेसेज ज्यांना आले त्यांत महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियांका चतुर्वेदी होत्या, आणि ते सगळे आयफोनच होते. तुम्हाला आयओएस 16 पासूनचा 'लॉकडाउन मोड' लागेल; तो हल्ल्याच्या वाटा कमी करायला फोनच्या काही सोयी बंद करतो. दुसरं, बजेट वीस हजारांच्या आत असेल तर जुना, अपडेट बंद होत आलेला आयफोन घेण्यापेक्षा अपडेट मिळत राहणारा नवा अँड्रॉइड मला बरा वाटतो. त्यावर जाहिरात आयडी 'डिलीट' करा, प्रत्येक अ‍ॅपचा एसएमएस आणि कॉन्टॅक्टचा परवाना तपासा. आणि लॉगिनचे कोड देणारं गूगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर जुना फोन पुसण्याआधी त्यातल्या 'ट्रान्स्फर अकाउंट्स'मधून क्यूआर कोड काढून नव्या फोनवर घ्या. त्याचा क्लाउड सिंक 2023 पासून आहे, पण तो आला तेव्हा एंड-टु-एंड एन्क्रिप्टेड नव्हता, म्हणून मी क्यूआरच सुचवीन.