टबामागची बाहेरची भिंत: टाइलआधी काय भरायचं आणि काय भरायचं नाही

तुमच्या प्रश्नावरून चित्र असं दिसतंय: न्यूजर्सीतलं साठ वर्षांपूर्वीचं घर, जुना टब काढलाय, ५ फूट लांबीची बाहेरची भिंत स्टडपर्यंत (आतल्या उभ्या लाकडी खांबांपर्यंत) उघडी आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो फायबरग्लास (थंडी अडवणारं इन्सुलेशन) भरू, वर प्लास्टिक मारू, मग सिमेंट बोर्ड आणि वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर). हे बरोबर आहे का, असं तुम्हाला विचारायचंय.

प्लास्टिक आणि मेम्ब्रेन, दोन्ही नकोत. मधे अडकलेला सिमेंट बोर्ड ओला झाला तर वाळायला वाटच उरत नाही. एक तर प्लास्टिक घ्या आणि त्याची खालची कड टबाच्या उभ्या कडेवरून पुढे आणा, नाहीतर बोर्डावर मेम्ब्रेन लावा. मी मेम्ब्रेन निवडेन, कारण पाणी टाइलच्या लगेच मागेच थांबतं. त्यासाठी कागद नसलेली बॅट (इन्सुलेशनची तयार गादी) घ्या. काही इन्स्पेक्टर बाष्परोधक थर मागतात, म्हणून भिंत बंद करण्याआधीच त्यांना विचारा. नाहीतरी इन्सुलेशन त्यांना उघडं दाखवावंच लागतं.

२ × ४ इंची म्हणवला जाणारा स्टड प्रत्यक्षात साडेतीन इंचच खोल असतो. त्यात मिनरल वूलची (दगडी लोकरीची) आर-१५ बॅट बसते; आर म्हणजे थंडी-उष्णता अडवण्याची क्षमता, आकडा जितका मोठा तितकी जास्त. साध्या फायबरग्लासची बहुधा आर-१३ मिळते. दोन स्टडमधली जागा सहसा साडेचौदा इंच आणि मिनरल वूलची बॅट सव्वापंधरा, त्यामुळे ती स्वतःच घट्ट धरते. दाबून कोंबू नका, वायरीमागे पोकळी ठेवू नका. बॅट चिरून वायर मधून न्या. ८ फूट उंचीला ४० चौरस फूट होतात, सहसा एक गठ्ठा पुरतो.

पण थंडी बॅटमधून जितकी येते त्याहून जास्त बऱ्याचदा फटींतून येते. वायरींची भोकं, खालच्या लाकडी पट्टीचा सांधा, खिडकीची चौकट, सगळं आधी फोम किंवा कॉकने (फटी भरायच्या लवचीक लेपाने) बुजवा. सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा टबामागची. टब बसवल्यावर तिथे हात पोचत नाही, म्हणून टबाच्या उंचीपर्यंत आधी बॅट भरा, तिच्यावर पातळ कडक शीट ठोका आणि कडा सील करा. हे राहिलं की जानेवारीत टब बर्फासारखा लागतो आणि टाइल बदलून काही फरक पडत नाही. शीटची जाडी टबाच्या मापात धरा; टबाची अरुंद बाजू बाहेरच्या भिंतीला असेल तर टब बसतो ती ६० इंचांची खाच तेवढी कमी होते.

पाण्याचे पाइप या भिंतीत असतील तर आतल्या भिंतीत हलवा. अगदीच जमत नसेल तर पाइपाच्या *मागे* २ इंच एक्सपीएस फोम (कडक फोमची शीट) बसवून कडा फोमने भरा, पुढे इन्सुलेशन काहीही नको. पाइपाला घराची ऊब मिळायला हवी. शांपूचा कोनाडाही इथे नको, कारण तो बॅटचीच जागा खातो. तो आतल्या भिंतीत करा.

मग अर्धा इंची सिमेंट बोर्ड, ३ × ५ फुटांच्या तीन शीट आडव्या. टबाच्या कडेपासून पाव इंच वर थांबा, सव्वा इंची गंजरोधक स्क्रू दर ८ इंचांवर लावा. सांध्यांवर अल्कलीरोधक जाळी आणि थिनसेट (टाइल चिकटवायचा सिमेंटी मसाला), नंतर मेम्ब्रेन टबाच्या कडेवर उतरवा. हिरवा ड्रायवॉल (ओलसर जागेसाठीचा जिप्सम बोर्ड) टबाभोवती टाइलखाली चालत नाही, कोणी कितीही स्वस्त सांगितला तरी.

आणि जुन्या पोकळीत चमकदार, करड्या-तपकिरी खड्यांसारखं काही निघालं तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं, त्यात ॲस्बेस्टॉसची शक्यता असते.