देवकापसाच्या बोंडात गुलाबी अळी

प्रश्न: आमच्या परसात विहिरीला लागून देवकापसाचं झाड आहे, सासूबाई त्याच्याच वाती वळतात. यंदा बोंडं अर्धवट उकलली, कापूस पिवळट आणि आत गुलाबी अळी! गेल्या वर्षीचा सरकीसकट कापूस डब्यात होता (थोडा जाऊबाईंनी यवतमाळहून आणलेला), तो चवथीआधी उघडला तर बारीक करडी पाखरं उडाली. जाऊबाई म्हणतात बोंडअळीच आहे. पण इथे फोंड्यात कापूस लावतो कोण, ही आली कुठून? औषध मारू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: जाऊबाई बरोबर बोलल्या, यवतमाळच्या माणसाला ही ओळखायला पुस्तक लागत नाही, २०१७ साली तिकडे बोंडअळीला तोंड देण्यासाठीच बनवलेल्या बीटी कापसावरसुद्धा हिने धुमाकूळ घातला होता. आणि आली बहुतेक तुमच्या डब्यातूनच. त्यातली सरकी ताटात पसरून बघा, दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर नखाने सोडवा, आत अळी मुटकुळं करून झोपलेली सापडेल. अशी ती महिनोन्महिने न खाता पडून राहते आणि पावसाळी ओल लागली की कोष करून पाखरू बाहेर. आता यात जाऊबाईंचा कापूस होता हे घरात लगेच बोलू नका, उगाच वाद नको, पुढच्या खेपेला सरकी काढलेला आणा म्हणजे झालं.

औषध अजिबात नको. अंड्यातून निघालेली अळी लगेच कळीत नाहीतर बोंडात शिरते, भोक बुजून जातं, मग वरून कितीही फवारा तिला काय पोचणार, विहिरीत मात्र जाईल. एकच झाड आहे ना, मग रोज सकाळी बघायचं, जे फूल नीट न उमलता पाकळ्या गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखं राहतं ती डोमकळी, आत अळी असतेच, ती आणि खाली पडलेली बोंडं तोडून जाळायची. परसात नुसती टाकलीत तर काही उपयोग नाही. डब्यातली सरकी पण जाळा, उरलेला कापूस कडक उन्हात चांगला वाळवा.

शेजारच्या भेंडीत अळी दिसली तर घाबरू नका, ही भेंडीवर जगू शकते पण भेंडीत सापडते ती बहुतेक ठिपक्यांची बोंडअळी, वेगळी जात.

पिवळट कापसाच्या वाती देवाला चालतात का ते सासूबाईंनाच विचारा, त्यात मी पडत नाही.