व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच का बोलायला लागतात?

तुम्ही विचारलंय की समोरासमोर बोलताना आपली पाळी कधी आली ते कुणी न सांगता कळतं. मग फोनवर, व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम सुरू होतात, मग दोघंही 'बोल, तू बोल' करत गप्प बसतात, असं का? आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला झाला होता, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ तारवटी. म्हणजे जहाजावर नोकरीला. गोव्यात हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगितलं. एका श्रावणात त्याचा भर समुद्रातून फोन आला. आईने विचारलं, "चवथीक येतलो मरे?" म्हणजे गणेश चतुर्थीला येणार ना? तिकडून क्षणभर काहीच नाही. मग, "हय गे आई, येतलों." आवाज स्वच्छ, शब्द स्पष्ट. फोन ठेवल्या ठेवल्या आई म्हणाली, "तो येवपाचो ना." तो येणार नाही. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं तो 'हो' म्हणाला ते. आई म्हणे, तोंडाने म्हणाला.

एम.ए.ला भाषाविज्ञानाचा एक पेपर होता, तेव्हापासून मला या गोष्टींचा नाद आहे. म्हणून कागद घेऊन हिशोब केला. त्यांच्या जहाजावरचा फोन भूस्थिर उपग्रहावरून चालायचा, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहावरून. हा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. आईचा प्रश्न वर जाऊन खाली येणार म्हणजे किमान ७२ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरले तरी पाव सेकंद गेला. भावाने तत्काळ उत्तर दिलं तरी परतीला आणखी पाव. म्हणजे त्याच्या बाजूने त्याने जराही वेळ लावला नाही, आणि आईच्या कानाला मात्र अर्धा सेकंद जास्तीची शांतता.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण बोलण्याच्या हिशोबात तो फार मोठा आहे. २००९ साली तान्या स्टिव्हर्स या भाषा-अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या. हो-नाही उत्तराच्या प्रश्नानंतर उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला. सगळ्यांत सावकाश डॅनिश, तरी अर्ध्या सेकंदाच्या आतच. सगळ्यांत झटपट जपानी, जवळजवळ शून्य. त्या दहांत मराठी नाही, कोंकणीही नाही. पण म्हापशाच्या बाजारात पाच मिनिटं उभं राहिलात तर आपण डॅनिशांच्या पंगतीतले नाही एवढं कळेल.

आता खरी गंमत. समोर चित्र धरून 'हे काय' विचारलं तर एक शब्द तोंडातून निघायलाच साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपण आपलं उत्तर रचायला घेतलेलं असतं, आणि त्याच वेळी त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाजही बांधत असतो. मला आधी वाटायचं, आपल्या भाषेत हे अवघड असणार, कारण क्रियापद शेवटी, नकार तर त्याच्याही शेवटी. 'मी उद्या तुझ्याकडे येणार' इथपर्यंत ऐकलं तरी पुढे 'आहे' की 'नाही' कुणाला ठाऊक! पण जपानीतही क्रियापद शेवटीच येतं आणि तेच सगळ्यांत झटपट. आवाजाचा चढउतार, चेहरा, आधी झालेलं बोलणं, सगळं मिळून शेपूट आधीच दिसतं. शिवाय आपल्याकडे 'येणार ना?' मधला 'ना' आणि कोंकणीतला 'मरे' आहेतच. प्रश्न तोपर्यंत कळून चुकलेला असतो, तेवढ्यात उत्तर देणारा तयार होतो.

त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि आमच्या आईचं प्रकरण तिच्यावरच आहे. होकार लवकर येतात, नकार उशिरा. माणूस नाही म्हणण्याआधी थोडा थांबतो, 'अं', 'तसं बघायला गेलं तर' असं काहीतरी पुढे करतो. ऐकणाऱ्यालाही हे अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे नुसती शांतता ऐकली की तो नकार धरतो. बाजारात मासेवालीने सुंगटांचा वांटो, म्हणजे कोळंबीचा वाटा, तीनशेला सांगितला आणि तुम्ही "दोनशांक दी" म्हणालात, तर ती बाई नाही म्हणत नाही. ती सुंगटांवर पाणी शिंपडते. तेवढ्यात तुम्हीच "बरें, अडीचशें" म्हणता. तिने एक शब्द न बोलता पन्नास रुपये मिळवले.

आईनेही तेच केलं. शांतता ऐकली आणि तिचा जन्मभराचा अर्थ लावला. चूक उपग्रहाची, आळ मुलावर. उशीर तारेत आहे की माणसात, हे कानाला ओळखता येत नाही. तुमच्या व्हिडिओ कॉलवर हेच होतं, फक्त कमी प्रमाणात. आवाज पकडणं, त्याचे तुकडे करून पाठवणं, पलीकडे गोळा करून जुळवणं, वर ब्लूटूथचे हेडफोन असतील तर त्यांचा वेगळा उशीर. एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या वर गेलं की संभाषण अडखळायला लागतं, टेलिफोनवाल्यांची जुनी मर्यादा तेवढीच आहे. तुम्हाला वाटतं समोरचा गप्प आहे, म्हणून तुम्ही पुन्हा सुरू करता. तो तर कधीच सुरू झालेला असतो, तुमच्यापर्यंत पोचायचा असतो फक्त.

दुसरं नुकसान मला याहून मोठं वाटतं: हुंकार मरतो. आमची आजी गोष्ट सांगताना पोरांनी 'हूं' केलं नाही की थांबायची. आम्हाला वाटायचं, झोपलो की नाही ते तपासते. २००० साली जॅनेट बाव्हेलस या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. एकजण आपण थोडक्यात बचावल्याची गोष्ट सांगतो, आणि ऐकणाऱ्याला गुपचूप एका अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायला लावलेलं असतं. ऐकणाऱ्याचे हुंकार घसरले, आणि सांगणाऱ्याची गोष्टही बिघडली; विशेषतः शेवटाकडे ती रेंगाळायला लागली. म्हणजे गोष्ट दोघं मिळून सांगतात. कॉलवर सगळे माइक बंद करून बसतात, आणि चालू असला तरी ॲप बारीक 'हं' गोंगाट समजून गाळून टाकतं. बोलणाऱ्याला विहिरीत बोलल्यासारखं होतं.

आणि हे शब्दांच्याही आधीचं आहे. माझी भाची वर्षाची असताना चवथीला माटोळीतल्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीतल्या, चिबडाकडे बोट दाखवायची. तिच्या हातात चिबूड दिलं तर ढकलून द्यायची. मी चिबडाकडे आणि मग तिच्याकडे बघून "हो गं, चिबूड!" म्हटलं की मगच समाधान. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांच्या गटाने बारा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग करून हेच दाखवलं: बोट दाखवणं नेहमी मागण्यासाठी नसतं, 'हे तूही बघ' यासाठीही असतं. कॅमेरा पडद्याच्या वर असल्याने व्हिडिओवर नेमकी ही नजरच चुकते. तुम्ही माझ्या डोळ्यांत बघता, मला दिसतं की तुम्ही माझ्या हनुवटीकडे बघताय.

करायचं काय? वायरचे इअरफोन लावा, फरक पडतो. चार-पाचजण असतील तर प्रश्न हवेत सोडू नका, नाव घेऊन विचारा. दोघंतिघं असाल तर माइक चालूच ठेवा. आमच्याकडे भावाने जहाजावरच्या रेडिओची पद्धत आईला शिकवली: बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. ती म्हणते. त्या चवथीला तो आला, सकाळी दारात उभा राहिला, आणि आई काही बोलली नाही. आत जाऊन पाट मांडला, ताट वाढलं, मग म्हणाली, "जेव. ओव्हर."