डबलनेकला तिसरी मान

«मॅडम, मी सांगलीचा. वय ४१. खासगी शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, पगार २८ हजार. शिवाय एका ऑर्केस्ट्रात गिटार आणि बासगिटार वाजवतो, नाईटचे ५ हजार मिळतात. एका कारागिराकडून डबलनेक बनवून घ्यायची आहे, एका मानेवर बास, दुसरीवर सहा तारांची गिटार. किंमत ३ लाख ४० हजार, निम्मे आगाऊ, दहा महिन्यांनी हातात. मालक म्हणतात, दोन्ही एकट्याने सांभाळलंस तर ५ चे ८ देतो. वर्षाला साठ नाईट होतात, म्हणजे दोन वर्षांत वसूल. शिवाय अशा वाद्यांना पुढे परदेशात लाखांनी किंमत येते, तेव्हा गुंतवणूकही होईल. पतसंस्थेत मुलीच्या शिक्षणासाठी साडेतीन लाखांची दामदुप्पट ठेव आहे, अडीच वर्षं झाली. ती मोडू की कर्ज काढू? कर्जाला अडचण नाही. त्याच पतसंस्थेत मालकांच्या साऊंड सिस्टिमच्या ९ लाखांच्या कर्जाला मी आणि आमचा कीबोर्डवाला जामीन आहोत, मॅनेजर ओळखीचे आहेत. दीड वर्ष हप्ते मालकांनीच भरले, फक्त गेले तीन महिने सीझन नसल्याने थोडं मागेपुढे झालंय. घरी अजून काही बोललेलो नाही.»

वाद्यासाठी ठेव मोडू नका आणि कर्जही काढू नका. कारागिराला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर काम सुरू व्हायच्या आत किती परत मिळेल ते आजच विचारा.

आधी वाद्याबद्दल, कारण त्याचा हिशेब लवकर उरकतो. मालकांना बासवाल्याचे ५ हजार वाचवायचेत आणि त्यातले ३ तुम्हाला द्यायचेत. कागदावर ठीक आहे. पण डबलनेकला माना दोन असल्या तरी वाजवणाऱ्याला हात दोनच. तुम्ही गिटारच्या मानेवर सोलो घेताय तेव्हा बास कोण वाजवणार? हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. रश हा तिघांचा बँड. त्यातले गेडी ली रिकनबॅकर कंपनीची बास आणि गिटार अशी डबलनेक घेऊन स्टेजवर उभे राहायचे, आणि हात गिटारवर गेले की खालचे सूर पायाने मूगच्या टॉरस पेडलवर वाजवायचे. जेनेसिस बँडच्या माइक रदरफोर्ड यांचीही तीच कसरत. तुमचे मालक पेडल आणणार नाहीत, बासचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावतील. आणि ट्रॅकच लावायचा असेल तर त्यांना तुमची दुसरी मान लागतेच कशाला? हे त्यांना एक सीझन उशिरा कळेल, इतकंच.

आता वसुली. साठ नाईट गुणिले ३ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार, गुणाकार बरोबर आहे. पण ही वाढ लेखी आहे का? हार्ड केस, गिटारला आणि बासला वेगवेगळे ॲम्प (बासचा आवाज गिटारच्या ॲम्पमधून काढलात तर स्पीकर जाऊ शकतो), दोन मानांचं सेटिंग आणि दहा तारा धरल्या की ३ लाख ४० हजारांचे सहज ४ लाख होतात. वजन तुमच्या आताच्या गिटारच्या दीडपट ते दुप्पट. पाच किलो तांदळाची पिशवी पट्ट्याने खांद्याला अडकवा आणि हळदीच्या कार्यक्रमाइतका वेळ उभे राहून बघा.

गुंतवणूक हा शब्द तर मागेच घ्या. लेड झेपेलिन बँडचे गिटारवादक जिमी पेज १९७१ पासून स्टेजवर जी डबलनेक वाजवत आले ती गिब्सनची ईडीएस-१२७५. तिच्यावर बारा तारांची एक आणि सहा तारांची एक अशा दोन्ही माना गिटारच्याच आहेत, बास नाहीच. तिला किंमत येते ती गिब्सन या नावामुळे आणि ती कोणी वाजवली त्यामुळे. गिब्सनने साठच्या दशकात बास-गिटार डबलनेकही काढली होती, तीही मोजकीच बनली. तुमची बनेल तुमच्या हाताच्या मापाने, तुमच्या आवडीच्या पिकअपने, कारागिराच्या नावाने. ती विकत घ्यायला दुसरे तुम्हीच लागाल. तुमच्या शेजारच्या मिरजेत बरा तंबोरा विकायला काढला तर गाणारा कोणीतरी विचारायला येतो, कारण त्याचं माप ठरलेलं आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिथला कोणी कारागीर तंबोऱ्याला गुंतवणूक म्हणत असेल असं मला वाटत नाही. वाद्य हौसेने घ्यावं, हौसेच्या पैशांतून घ्यावं. तोवर दुसरा स्टँड आणा. गिटार ठेवून बास उचलायला निवेदकाचा एक विनोद पुरतो.

हे सगळं मी दहा मिनिटांत लिहिलं. नंतर पत्रातलं जामिनाचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

तुम्ही ते मॅनेजरच्या ओळखीचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला त्यात ७ लाखांचं कर्ज दिसतं, आणि ते तुमचं आहे. हप्ता तुम्ही लिहिला नाहीत. १४ टक्के आणि पाच वर्षं धरली तर ९ लाखांना २१ हजारांच्या घरात येतो. दीड वर्ष हप्ते गेले म्हणजे अजून साधारण ७ लाख बाकी, त्यात ६३ हजार आजच थकलेले, वर दंडव्याज. मालक भरू शकले नाहीत तर अर्धे तुमचे आणि अर्धे कीबोर्डवाल्याचे असं तुम्ही धरून चालला असाल. पतसंस्था तसं धरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे संस्थेने आधी मालकांच्या मागे लागावं, ते बुडाले की मग तुमच्याकडे यावं, असा काही क्रम नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि पूर्ण रकमेसाठी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. कीबोर्डवाल्याकडून त्याचा निम्मा वाटा मागायचा हक्क तुम्हाला आहे, मालकांकडून सगळं परत मागायचाही आहे. पण दोन्ही हक्क पैसे भरल्यानंतरचे. आधी भरायचं, मग मागत फिरायचं.

आणि दोघांपैकी आधी कोणाकडे येतील? कीबोर्डवाला फक्त नाईटवर जगत असेल, तर महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे तुम्हीच. जामीन घेताना पगाराचा दाखला मागितला असणार. तो उगाच मागत नाहीत.

आता ठेवीकडे या. जामिनाच्या करारात बहुतेक ठिकाणी एक कलम असतं : जामीनदाराच्या संस्थेतल्या ठेवी थकबाकीत वळत्या करता येतील. तुमच्या करारात ते आहे का, तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही तो वाचलेला नाही. (वाचला असतात तर हे पत्र वेगळं असतं.) म्हणजे हे साडेतीन लाख तुम्ही तीन वेळा मोजलेत. मुलीचं शिक्षण म्हणून एकदा, डबलनेक म्हणून एकदा, आणि जामिनापोटी एकदा नकळत.

दामदुप्पट विकणाऱ्यांबद्दल मला फार गोड बोलता येत नाही. साडेसहा वर्षांत दुप्पट धरलं तर वर्षाला साधारण ११ टक्के. राष्ट्रीयीकृत बँक इतकं देत नाही, मग ही संस्था कुठून देते? तुमच्या मालकांसारख्यांना १४ टक्क्यांनी कर्ज देऊन, आणि ते कर्ज तीन महिने थकलेलं आहे. तुमच्या ठेवीचं व्याज ज्यांनी भरायचं त्यांना तुम्हीच जामीन आहात, हे लक्षात येतंय का? «बँकेसारखंच सुरक्षित» असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही.

या आठवड्यात संस्थेत जा आणि जामीनदार म्हणून लेखी अर्ज देऊन कर्जखात्याचा उतारा आणि जामीन कराराची प्रत मागा. ओळखीच्या मॅनेजरांच्या तोंडी आश्वासनावर परत येऊ नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ठेवीच्या पावतीवर तारण किंवा बोजा नोंदलाय का ते बघा. नसेल तर ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्यामुळे ११ ऐवजी साडेसहा टक्के मिळाले असं धरा, तरी ४ लाख १० हजारांच्या आसपास हातात येतात. चाळीस-पंचेचाळीस हजारांचं व्याज जाईल, जाऊ द्या. पैसे बँकेत मुदत ठेवीत टाका. हे जबाबदारीतून पळण्यासाठी सांगत नाहीये. सही केलीत, ती निभवावी लागेल. पण उद्या तडजोडीला बसायची वेळ आलीच, तर पैसे तुमच्या हातात असलेले बरे, त्यांच्या खात्यात असताना बोलणी कसली होणार?

जामिनातून नाव काढून घ्यायचा विचार डोक्यात येईल. एकरकमी दिलेल्या कर्जाला तो मार्ग जवळजवळ बंद आहे. संस्था दुसरा तितकाच पगारदार जामीनदार मान्य करील तरच, आणि तीन हप्ते थकलेल्या खात्यावर सही करायला कोण येतंय?

मग मालकांशी बोला, कीबोर्डवाल्याला सोबत घेऊन. भांडायला नको, हिशेबाला बसा. साऊंड सिस्टिम संस्थेकडे तारण आहे का, तिचा विमा आहे का, ते विचारा. तुम्हाला कर्ज भरावं लागलंच तर त्या तारणावर संस्थेचा जो हक्क, तो तुमच्याकडे येतो, म्हणून ती सिस्टिम जपली गेली पाहिजे. गरजेपेक्षा जास्त स्पीकर घेतले असतील तर त्यातले काही आत्ता विकून मुद्दल खाली आणता येईल, दोन वर्षांनी भंगाराच्या भावात जातील. आणि लग्नसराईच्या सुपाऱ्या येतील तेव्हा प्रत्येक सुपारीतून ठरलेली रक्कम थेट कर्जखात्यात जाईल असं तिघांनी लिहून घ्या. याला मालक तयार झाले नाहीत, तर तुम्हाला नाईटचे ५ चे ८ कुठून येणार होते हेही समजेल. ज्यांना २१ हजारांचा हप्ता जमत नाही, त्यांनी कबूल केलेल्या १ लाख ८० हजारांच्या भरवशावर तुम्ही ३ लाख ४० हजारांचं वाद्य सांगायला निघाला होता.

सगळे हप्ते वेळेवर जाऊन एक पूर्ण सीझन पार पडला, सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे बाजूला पडले, आणि तरीही हात शिवशिवत असतील, तर नाईटच्या पैशांतून महिन्याला १० हजार वेगळे काढायला लागा. तीन वर्षांत डबलनेक येईल. तेव्हा मला पत्र नको, रेकॉर्डिंग पाठवा.

डबलनेकचं घरी सांगितलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याची आता घाई नाही. जामिनाचं सांगितलंय का?