खुणा केल्या तर नातू बोलणार नाही का?

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा, जन्मापासून कर्णबधिर. मशीन लावलंय, स्पीच थेरपीही चालू आहे. घरातले म्हणतात, खुणा शिकवल्या तर तो बोलायचाच नाही. काय करावं?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, खुशाल खुणा करा. हा धसका जुना आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवावं, आणि कित्येक देशांत शाळांमधून खुणा हद्दपार झाल्या. २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला, पण घराघरांतली भीती काही गेली नाही. खुणांनी वाचा अडत नाही. या वयात कुठलीच भाषा पुरती हाती न लागणं, हे खरं नुकसान. मशीन आणि थेरपीही चालूच ठेवा.

सुरुवात पोह्यांच्या बशीपासून करा. ऐकणारं मूल बशीकडे बघता बघता तुमचं ऐकतं. याला बशी आणि तुमचे हात एकदम दिसत नाहीत. म्हणून बशी दाखवा, थांबा, नजर तुमच्याकडे वळली की खूण करा, मग पुन्हा बशी. घाई केली तर खूण वाया जाते आणि 'याचं लक्षच नसतं' असा शिक्का पोराच्या कपाळी बसतो. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहऱ्यावर अंधार येतो. 'जेवलास' आणि 'जेवलास का?' यांतला फरक भुवयांत असतो! हाक मारायची तर खांद्यावर हलकी थाप. हनुवटी धरून तोंड वळवू नये.

शब्दांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ-कोश बघा. २०२१ मध्येच त्यात १०,००० शब्द झाले होते. अमेरिकन व्हिडिओ नकोत. तिकडची अक्षरं एका हाताची, आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात : ए, ई, आय, ओ, यू म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट. इंदुरातल्या बहिऱ्या मंडळींची खूण कोशापेक्षा वेगळी निघाली, तर त्यांचीच धरा. मराठी माणसाला एक आयती सोय आहे : 'तुझं घर कुठे?' प्रश्नाचा शब्द खुणांतही शेवटीच येतो, आणि नकारही.

प्रश्न : शिकवणीला येणारा सहावीतला कर्णबधिर मुलगा 'राजू मीना किताब दिया' असं हिंदी लिहितो. ने, को कायम गायब. हुशार आहे, मग असं का?
– एक शिक्षिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : कारण त्याच्या खुणांच्या भाषेत ने-को हातांच्या दिशेत असतात. राजू डावीकडे, मीना उजवीकडे ठरवायची. 'देणे'ची खूण डावीकडून उजवीकडे गेली की कोणी कोणाला दिलं ते आलंच. वेगळा शब्द लागत नाही. नुसत्या लाल रेघा मारून उपयोग नाही. आधी वाक्य खुणांनी करून घ्या, मग वहीत राजूपासून मीनाकडे बाण काढा. बाण निघतो तिथे 'ने', पोचतो तिथे 'को'. ही जोडी पक्की होईपर्यंत 'से'ला हात लावू नका.