स्टॅन गेट्झ फक्त ब्राझीलच्या संगीतामुळे मोठा झाला का? आणि ते संगीत त्याने ढापलं असं म्हणतात ते खरं का?

थोडक्यात सांगायचं तर नाव आधीच झालेलं होतं, घराघरात पोचला तो ब्राझीलमुळे. ढापण्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा लांबडं आहे. मी जॅझचा अभ्यासक वगैरे नाही, टेनर सॅक्स हौशीने वाजवतो आणि गेट्झ भरपूर ऐकलाय, तेवढ्या जोरावर लिहितोय.

गेट्झ म्हणजे अमेरिकन जॅझ सॅक्सवादक, माणूस १९२७ चा, जन्म फिलाडेल्फियाचा, वाढला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये. तेराव्या वर्षी हातात सॅक्स आला आणि १९४३ मध्ये म्हणजे सोळाव्या वर्षी शाळा सोडून जॅक टीगार्डनच्या बँडमध्ये, वय इतकं कमी की टीगार्डनलाच त्याचा कायदेशीर पालक व्हावं लागलं. मग केंटन, गुडमन असे मोठमोठे बँड करत १९४७ ला वुडी हर्मनकडे. तिथे १९४८ च्या डिसेंबरमध्ये 'अर्ली ऑटम' रेकॉर्ड झालं, त्यात त्याचा सोलो अगदी छोटासा आहे पण त्या छोट्याशा सोलोने तो एकविसाव्या वर्षी स्टार झाला. लोक त्याला नुसतं 'द साउंड' म्हणायचे. आपल्याकडे गायकी अंगाने वाजवणं म्हणतात ना, तसं त्याचं वाजवणं, सूर कमी पण प्रत्येक सुरात श्वास ऐकू येतो. हे सगळं बोसा नोव्हाच्या (म्हणजे सांबातून निघालेल्या त्या ब्राझीलच्या मवाळ संगीताच्या) कितीतरी आधीचं, त्यामुळे 'फक्त ब्राझीलमुळे' हे मला पटत नाही.

माणूस म्हणून मात्र अवघड. हेरॉइनचं व्यसन, १९५४ मध्ये सिअॅटलमध्ये औषधाचं दुकान लुटायला गेला आणि पकडला गेला, जेलमध्ये गेला. दारू तर होतीच. त्याचा जुना साथीदार झूट सिम्स म्हणायचा की स्टॅन म्हणजे छान माणसांचा एक घोळकाच आहे, आज कुठला भेटेल सांगता येत नाही. १९५८ ला तो कोपनहेगनला राहायला गेला आणि १९६१ ला परत आला तेव्हा अमेरिकेत वारं फिरलेलं, सगळीकडे जॉन कोलट्रेन हा दुसरा सॅक्सवादक, गेट्झचा मऊ सूर जुना वाटायला लागलेला. (कोलट्रेनला स्वतःला मात्र गेट्झ आवडायचा, जमलं असतं तर आम्ही सगळेच असे वाजलो असतो अशा अर्थाचं तो बोलला होता म्हणतात.) त्याच वर्षी गेट्झने तंतुवाद्यांबरोबर 'फोकस' नावाची रेकॉर्ड केली, माझ्या मते त्याचं सगळ्यात धाडसी काम तेच, पण त्यावर काही घर चाललं नसतं.

आता ब्राझील. हे संगीत गेट्झने शोधलं नाही हे आधी क्लिअर करू. गिटारिस्ट चार्ली बर्ड १९६१ मध्ये अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत गेला होता, तिथे त्याने आणि त्याचा ड्रमर बडी डेपेनश्मिटने हे ऐकलं, ड्रमरने तर तिथल्या वाजवणाऱ्यांकडून ताल शिकून घेतला. परत आल्यावर बर्डने गेट्झला ऐकवलं, गेट्झने प्रोड्यूसर क्रीड टेलरला गाठलं आणि १३ फेब्रुवारी १९६२ ला वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये काही तासांत 'जॅझ सांबा' रेकॉर्ड झाली. १९६३ मध्ये ती बिलबोर्डच्या पॉप चार्टवर पहिल्या नंबरला गेली, रॉक किंवा पॉप नाही, नुसतं वाजवलेलं जॅझ! त्यातल्या 'देसाफिनादो' या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं पण ते एकट्या गेट्झला, बर्डला नाही, आणि पैशातल्या वाट्यासाठी बर्डला पुढे कोर्टात जावं लागलं. मग काय, जो तो बोसा नोव्हा करायला लागला, कोलमन हॉकिन्ससारख्या बुजुर्ग सॅक्सवादकाने पण १९६२ मध्येच एक केली. बरं, ब्राझीलची गिटार आणि सॅक्स ही जोडी बड शँक आणि लॉरिंदो अल्मेडाने १९५३ लाच जमवली होती, पण तेव्हा एवढी हवा झाली नाही.

मग हॉकिन्सचं इतकं नाही आणि गेट्झचंच का चाललं? मला वाटतं कारण सुरात आहे. बोसा नोव्हाचा मुख्य गायक-गिटारिस्ट जुआंव जिल्बेर्तो, त्याची गिटार ऐका, अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलाचा ठोका देतो आणि बाकीची बोटं तिरक्या जागी पडतात, वरून तो कानात बोलल्यासारखा गातो, आवाज जराही थरथरत नाही. याच संगीताचा संगीतकार जोबिम, त्याच्या चालींमध्ये खूपदा सूर एकाच ठिकाणी रेंगाळतो आणि खालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलत राहतात. अशा ठिकाणी जास्त सूर कोंबणारा वादक सगळा विचका करतो, गेट्झ चाल जवळजवळ तशीच ठेवतो आणि थोडासाच हलतो. गंमत म्हणजे रिओतली ही पोरं स्वतः अमेरिकेचं कूल जॅझ (गेट्झसारखं मऊ, शांत जॅझ) ऐकत मोठी झालेली, त्यांच्यातल्याच कार्लोस लिराने तर जॅझच्या या प्रभावाची खिल्ली उडवणारं गाणंच केलं होतं. म्हणजे गेट्झच्या पिढीचा सूर रिओला आधीच जाऊन आला होता, त्याच्याकडे तो नवीन कपडे घालून परत आला. म्हणून संगीत ढापलं हे मला मान्य नाही, श्रेय आणि पैसा ढापला म्हणाल तर मी वाद घालणार नाही.

कारण पुढचं बघा. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला दोन दिवसांत 'गेट्झ/जिल्बेर्तो' झाली, जुआंव गिटारवर, जोबिम पियानोवर, आणि जुआंवची बायको अस्त्रुद, जिने आधी कधी व्यावसायिक गायन केलं नव्हतं, तिने इंग्रजी ओळी गायल्या. 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' सिंगल म्हणून काढताना गाणं लांब होतं म्हणून जुआंवचा पोर्तुगीज भाग सरळ कापून टाकला. सिंगल पाचव्या नंबरला, अल्बम दुसऱ्या नंबरला (वर बीटल्स बसलेले), १९६५ ला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी, जे जॅझला पहिल्यांदाच मिळालं आणि नंतर थेट २००८ ला हर्बी हॅनकॉकला. आणि जिच्या आवाजावर ते सिंगल खपलं त्या अस्त्रुदला सेशनची ठरलेली फी मिळाली, अल्बमच्या कव्हरवर तिचं नावसुद्धा नव्हतं. हे वाचल्यावर मला गेट्झचा राग आला होता, अजूनही येतो, रेकॉर्ड मात्र लावतोच.

त्यानंतर तो या साच्यात अडकला नाही. लोक त्याच गाण्यांची फर्माईश करत राहिले, पण त्याने १९६७ मध्ये तरुण पियानोवादक चिक कोरियाला घेऊन 'स्वीट रेन' केली, १९७२ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल', ज्यात ब्राझीलचाच आयर्तो मोरेरा तालवाद्यांवर आहे पण कॅफेतलं बोसा नोव्हा त्यात शोधूनही सापडणार नाही. जुआंवबरोबर १९७६ ला परत एक रेकॉर्ड आली. शेवटी लिव्हरचा कॅन्सर, तरी मार्च १९९१ मध्ये कोपनहेगनला फक्त केनी बॅरनच्या पियानोवर 'पीपल टाइम' वाजवली आणि जूनमध्ये गेला, वय ६४.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'इपानेमा'चं सिंगल नको, अल्बमवरचं पाच मिनिटांचं लावा, जुआंवच्या कडव्यासकट. मग 'अर्ली ऑटम', मग 'पीपल टाइम'. 'जॅझ सांबा' मला ठीकच वाटते, दोन दोन ड्रमर घेतल्याने ताल जरा जड झालाय, पण यावर लोक माझ्याशी भांडतात.