एआर ॲपमध्ये सगळ्या परमिशन सुरुवातीलाच मागाव्यात का?

एआर ॲपमध्ये, म्हणजे खऱ्या दृश्यावर आभासी चित्रं दाखवणाऱ्या ॲपमध्ये, हेडसेट घातलेला असताना मध्येच परमिशनचा पॉप-अप आला की सगळा रंगाचा बेरंग होतो, म्हणून कॅमेरा, माइक, लोकेशन सगळं पहिल्याच स्क्रीनवर मागून मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. पहिल्या मिनिटाला ॲप काय करतं हेच माणसाला ठाऊक नसतं. तो एकतर डोळे झाकून ‘हो’ दाबत सुटतो, नाहीतर वैतागून ॲप काढून टाकतो. भिंतीवर चित्र लावून बघायला निघाला की तेव्हा कॅमेरा मागा. कारण वेगळं सांगावंच लागत नाही.

सोयीसाठी विचारणंच गाळलं की काय होतं ते गूगल ग्लास या स्मार्ट चष्म्याने २०१३ मध्ये दाखवलं. चष्म्यावर टाइप कुठे करणार? म्हणून फोटोत क्यूआर कोड आला की चष्मा तो आपणहून वाचून वायफायला जोडला जाई. लुकआउट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी स्वतःचा कोड समोर धरून चष्मा आपल्या वायफायवर ओढून घेतला. घालणाऱ्याला पत्ताही नाही! पुढे गूगलने माणसाने सांगितल्यावरच कोड वाचायचा, असा बदल केला.

नजरेचं प्रकरण त्याहून नाजूक. ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटमध्ये तुम्ही कुठे बघताय हे ॲपला कळत नाही, बोटांची चिमूट केली तरच निवड पोचते. ही रचना मला फार आवडते. तरीही २०२४ मध्ये ‘गेझप्लॉइट’ हा हल्ला शोधणाऱ्या संशोधकांनी व्हिडिओ कॉलमधल्या, घालणाऱ्याच्या आभासी चेहऱ्याचे डोळे न्याहाळून कीबोर्डवर नजरेने काय टाइप होतंय ते बऱ्यापैकी ओळखलं. ॲपलने हेडसेटच्या व्हिजनओएस १.३ या प्रणालीत आभासी कीबोर्ड उघडा असेपर्यंत तो चेहराच थांबवला. तुमच्या ॲपमध्ये अवतार असेल तर पासवर्डच्या वेळी त्याचे डोळे हलू देऊ नका.

आणि नुसतं ‘ॲप काय बघतं’ एवढंच पाहू नका, ‘काय झाकतं’ तेही बघा. आमच्या चाचणीत सूचनेची पाटी बरोबर नजरेच्या मध्यावर यायची. एक सहकारी जिना उतरत होता, पाटी आली, खालची पायरी गायब. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माणूस चालत असला की मध्यावर काहीही दाखवायचं नाही, पाटी कडेला. डिझाइनवाले कुरकुरले, कुरकुरू देत.

बाकी, कॅमेऱ्याच्या फ्रेम तुम्ही सर्व्हरवर पाठवताय का? फक्त जमीन-भिंत ओळखायची असेल तर गूगलचं एआरकोअर आणि ॲपलचं एआरकिट ही एआर ॲप बनवायची साधनं ते काम फोनवरच करतात. पाठवत असाल तर कशासाठी ते लिहा, मग पुढचं बोलू.